नव्या भाषेचा अंगीकार आणि जुन्या दप्तरातील ज्ञान



भाषेविषयी बोलणारे पुष्कळ वक्ते या व्यासपीठावर येऊन गेले. परंतु ते ज्या भाषांविषयी बोलले त्या माणसे बोलत होती. मी ज्या भाषांविषयी बोलणार आहे त्या कोणाचीही मातृभाषा नाहीत, त्यांत कोणी ओवी रचलेली नाही की कोणी भांडण केलेले नाही, आणि तरीही बँकेतले व्याज, विम्याचा हप्ता, निवृत्तिवेतन आणि टेलिफोनची घंटा यांचा व्यवहार आज त्यांच्यावाचून घटकाभरही चालत नाही. संगणकाला आज्ञा देण्याच्या या भाषा होत. त्यांच्यापैकी प्रस्थापित भाषा सोडून नवी भाषा धंद्याने केव्हा स्वीकारावी, हा आजचा विषय.

हा वाद कचेरीत उद्भवतो तो बहुधा असा. एखादा तरुण प्रोग्रॅमर वरिष्ठांपुढे तजवीज मांडतो की पुढील काम अमुक नव्या भाषेत करू. तीत आज्ञावली आखूड होते, चुका लवकर पकडल्या जातात, आणि हुशार माणसे तिच्यासाठी आपणहून नोकरीला येतात. वरिष्ठ ऐकून घेतात आणि एकच प्रश्न विचारतात : उद्या तू सोडून गेलास, तर ही भाषा जाणणारा माणूस मी कोठून आणू? येथे संभाषण खुंटते. तरुणाला वाटते, वरिष्ठ भित्रे आहेत. वरिष्ठांना वाटते, तरुण नव्या खेळण्याला भुलला आहे. माझे म्हणणे असे आहे की दोघेही भाषेचीच किंमत करीत बसले आहेत, आणि या सबंध व्यवहारात भाषा ही सर्वांत स्वस्त वस्तू आहे. महाग असते ते धंद्याचे ज्ञान. ते कोठे साठले आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहिल्यावाचून नव्याचा स्वीकारही करू नये आणि अव्हेरही करू नये.

प्रथम प्रस्थापित भाषेकडे पाहू. धंद्याच्या जगात जिला आद्य म्हणावे अशी भाषा कोबॉल. तिचा जन्म १९५९ सालचा. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पेंटागॉन नामक इमारतीत यंत्रे बनविणारे, यंत्रे वापरणारे आणि सरकारी अधिकारी अशी मंडळी जमली. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा निराळी असल्यामुळे यंत्र बदलले की सारा जमाखर्च नव्याने मांडावा लागे, ही तसदी कायमची मिटावी एवढाच त्यांचा हेतू होता. ग्रेस हॉपर या विदुषीने आधीच घडविलेल्या फ्लो-मॅटिक भाषेचा मोठा आधार तिला लाभला. आज ही भाषा इतकी वृद्ध आणि इतकी अचल दिसते, की तीही एके काळी अप्रौढ, अविश्वसनीय आणि उपहासाचा विषय होती हे सांगितल्यास कोणाला खरे वाटणार नाही. ही भाषा ठरविण्यासाठी नेमलेल्या समितीच्या कामाची मंद गती पाहून आरसीए कंपनीतले हॉवर्ड ब्रॉम्बर्ग इतके वैतागले, की त्यांनी थडग्याचा एक दगड विकत घेतला, त्यावर ‘कोबॉल’ ही अक्षरे कोरून घेतली आणि तो समितीचे प्रमुख चार्ल्स फिलिप्स यांच्याकडे पेंटागॉनला पाठवून दिला. भाषा जन्मण्यापूर्वीच तिचे थडगे तयार! तो दगड पुढे कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात ठेवण्यात आला. भाषा मात्र थडग्यात गेली नाही ती अद्याप नाही.

ती जगली कशामुळे? व्याकरणाच्या सौष्ठवामुळे म्हणावे तर तसे कोणी म्हणत नाही. विद्यापीठांतल्या पंडितांनी तिची जेवढी निंदा केली तेवढी क्वचितच दुसऱ्या भाषेची झाली असेल. १९६० च्या डिसेंबरात एकच कोबॉल आज्ञावली दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर, जवळजवळ फेरफार न करता, चालवून दाखविण्यात आली, हे तिच्या यशाचे एक कारण. परंतु त्याहून मोठे कारण असे, की संरक्षण खाते हे यंत्रांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते, आणि कोबॉल न जाणणारे यंत्र आम्ही सहसा घेणार नाही, असा पवित्रा त्याने घेतला. गिऱ्हाइकाचा असा हुकूम झाल्यावर कारखानदारांना दुसरा मार्ग कोणता? तेव्हा ‘प्रस्थापित’ या बिरुदाचा मुलाहिजा राखताना एवढे ध्यानात असू द्यावे, की ते बिरुद पुष्कळदा गुणांच्या परीक्षेत मिळालेले नसते. खरेदीच्या दप्तरात मिळालेले असते.

आता वरिष्ठांच्या त्या प्रश्नाकडे वळतो, कारण त्याचे उत्तर दूरच्या देशात शोधण्याची गरज नाही. माणूस कोठून आणू, असे ते विचारतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस, वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक लिहिण्याच्या जुन्या काटकसरीमुळे २००० साल उजाडताच हिशेब कोलमडतील अशी धास्ती पाश्चात्त्य बँकांना व विमा कंपन्यांना पडली, आणि कोबॉलच्या आज्ञावल्या ओळीओळीने तपासण्याचे काम फार मोठ्या प्रमाणावर भारतात आले. अंधेरीच्या सीप्झमध्ये आणि पुण्याच्या कचेऱ्यांत हे काम करणारी तरुण मंडळी कोण होती? कोणी यंत्रविद्येचा पदवीधर, कोणी स्थापत्याचा, कोणी नुसता विज्ञानशाखेचा. यांपैकी पुष्कळांनी त्यापूर्वी मेनफ्रेम हे बँकांचे अवाढव्य संगणक-यंत्र डोळ्यांनीही पाहिले नव्हते. काही आठवड्यांच्या, फार तर काही महिन्यांच्या शिक्षणाने ती कामाला लागली. या सभागृहातल्या कित्येक घरांची सुबत्ता त्या काही आठवड्यांच्या शिक्षणावर उभी आहे, हे मी निराळे सांगावयास नको. मग भाषा जाणणारे मिळत नाहीत या तक्रारीत तथ्य किती? भाषा शिकविता येते, आणि ती लवकर शिकविता येते. जे लवकर शिकविता येत नाही ते असे : अमुक एक सूट १९७४ साली का ठेवली, अमुक खात्यावर व्याजाची आकारणी एक दिवस उशिरा का होते, अमुक राज्यातल्या विधवांच्या निवृत्तिवेतनाला निराळे कोष्टक का लागते. हे ज्यांना ठाऊक होते ते सेवानिवृत्त झाले, त्यांची टिपणे हरवली, आणि आता ते ज्ञान जर कोठे शाबूत असेल तर त्या जुन्या आज्ञावलीच्या ओळींतच. कोबॉलचे प्रोग्रॅमर मिळत नाहीत, असे जेव्हा एखादी बँक म्हणते तेव्हा तिची खरी अडचण बहुधा ही असते. नाव मात्र भाषेचे घेतले जाते.

येथे मी एका प्रकरणाचा जरा विस्ताराने परामर्श घेणार आहे, कारण नव्या भाषेच्या अंगीकाराचे इतके बोधप्रद उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

स्वीडनमधील एरिक्सन ही टेलिफोनची यंत्रसामग्री बनविणारी जुनी कंपनी. एएक्सई नावाचे तिचे टेलिफोन एक्स्चेंज देशोदेशी गेलेले होते, आणि त्याची आज्ञावली प्लेक्स नावाच्या, कंपनीने स्वतःसाठी घडविलेल्या भाषेत होती. एक्स्चेंजचे काम विलक्षण असते. तेथे हजारो संभाषणे एकाच वेळी चालू असतात. त्यांपैकी एकात बिघाड झाला तरी इतरांना त्याची झळ लागता कामा नये. आणि आज्ञावलीत दुरुस्ती करावयाची म्हणून एक्स्चेंज बंद ठेवता येत नाही. १९८६ च्या सुमारास कंपनीच्या प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स या तिघांनी या कामाला साजेशी भाषा कोणती, याचा शोध चालविला, आणि त्या शोधातूनच एर्लांग नावाची नवी भाषा आकाराला आली. तिचे मर्म असे, की प्रत्येक संभाषणासाठी एक स्वतंत्र, अगदी हलकी प्रक्रिया असावी. या प्रक्रियांनी परस्परांच्या स्मृतीला हात लावू नये, केवळ निरोप पाठवावेत. एखादी कोसळली तर तिने निमूटपणे कोसळावे, आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्या दुसरीने ती पुन्हा उभी करावी. चालू यंत्रातील आज्ञावलीचा भाग, संभाषणे न तोडता, बदलण्याची सोयही भाषेतच होती.

पहिली आवृत्ती प्रोलॉग भाषेवर बेतलेली आणि अतिशय मंद होती. तथापि येथे एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते यशाचे बीज तीत आहे : भाषेचे कर्ते आपल्या प्रयोगशाळेत बसून राहिले नाहीत. कंपनीतलाच, टेलिफोनचे काम कोळून प्यालेला एक गट ती कच्ची भाषा वापरू लागला. त्याच्या गरजा भाषेत शिरल्या, निरुपयोगी अंगे गळून पडली. धंद्याचे ज्ञान एकीकडे आणि भाषेचे ज्ञान दुसरीकडे, अशी फाळणीच तेथे होऊ दिली नाही.

इकडे कंपनीचा मुख्य भरवसा दुसऱ्याच योजनेवर होता. एएक्सईची जागा घेणारे एएक्सई-एन नावाचे प्रचंड काम कैक वर्षे चालू होते, आणि त्यासाठी सर्वमान्य, सर्वज्ञात अशी सी++ ही भाषा निवडलेली होती. १९९५ च्या डिसेंबरात ते काम बरखास्त करावे लागले. नवी व्यवस्था तातडीने हवी होती. तेव्हा एर्लांगला पाचारण झाले, आणि १९९८ साली एएक्सडी ३०१ हे यंत्र दहा लाखांहून अधिक ओळींची एर्लांग आज्ञावली घेऊन बाजारात उतरले.

आता श्रोतेहो, आपण अशी अपेक्षा कराल की यानंतर भाषेच्या कर्त्यांचा गौरव झाला असेल. झाले ते असे, की त्याच १९९८ साली एरिक्सनच्या रेडिओ शाखेत नव्या उत्पादनांसाठी एर्लांग वापरण्यास मनाई झाली! कारण काय? तर भाषा वापरणे हा आमचा धंदा आहे, भाषा घडविणे आणि सांभाळणे हा नव्हे. जगाने पत्करलेल्या भाषेची जोखीम जग वाहते, घरच्या भाषेची आम्हां एकट्यांना वाहावी लागते. या निर्णयाची टर उडविणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी ती उडविली आहे. मला मात्र तो मूर्खपणाचा वाटत नाही. कोणत्याही सावध कारभाऱ्याने हाच हिशेब मांडला असता. चूक होती ती इतकीच, की जमेची बाजू मांडताना कंपनीच्या कारभाऱ्याने भाषा तेवढी धरली. त्या भाषेभोवती तयार झालेली, टेलिफोनचे मर्म जाणणारी माणसे त्याने कोणत्याच खात्यावर मांडली नाहीत.

ती माणसे निघून गेली. डिसेंबर १९९८ मध्ये एर्लांग सर्वांना मोफत खुली करण्यात आली, आणि त्याच सुमारास आर्मस्ट्राँग व इतर काही जण बाहेर पडून त्यांनी स्वतःची कंपनी काढली. पुढे २००४ साली एरिक्सननेच आर्मस्ट्राँग यांना पुन्हा नोकरीत बोलावून घेतले. आणि भाषेचे काय झाले? आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात या क्षणी व्हॉट्सॲप असेल; त्याचा मधला मुख्य कारभार एर्लांगवर उभारलेला आहे. २०१४ साली फेसबुकने १९ अब्ज डॉलरांना ती कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा तिचे ४५ कोटी ग्राहक होते आणि अभियंते होते सुमारे ३२. बाजारात ज्या भाषेची माणसे मिळत नाहीत म्हणून तिला दूर ठेवावे, तिच्यात एवढ्या थोड्या माणसांत एवढे काम निघत असेल, तर माणसे मिळत नाहीत या आक्षेपाचे वजन पुन्हा एकदा करून पाहावयास नको काय? दहा माणसांची गरज असताना शंभर उमेदवारांचा बाजार कशाला हवा?

याच्या उलट बाजूचा एक दाखला थोडक्यात देतो. अमेरिकेत १९९५ साली पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस यांनी व्हायावेब नावाची छोटी कंपनी काढली. व्यापाऱ्याला आपले दुकान इंटरनेटवर स्वतःच मांडता यावे, अशी ती सोय होती, आणि ती लिस्प भाषेत लिहिलेली होती. गंमत अशी की लिस्प ही १९५८ सालची, म्हणजे कोबॉलहूनही थोरली. परंतु धंद्याला ती अपरिचित, म्हणून धंद्याच्या दृष्टीने नवीच. १९९८ साली याहूने ही कंपनी घेतली, आणि ग्रॅहम यांनी पुढे आपल्या यशाचे मोठे श्रेय त्या भाषेला दिले. प्रतिस्पर्ध्यांनी जाहीर केलेली नवी सोय आपण कधी कधी एक-दोन दिवसांतच उभी करीत होतो, असा त्यांचा दावा. असेलही. पण काही वर्षांनी याहूने ती आज्ञावली सी++ आणि पर्लमध्ये पुन्हा लिहून घेतली. दोन असामान्य माणसांचे चापल्य कंपनीबरोबर विकत मिळते, पण ते टिकत नाही, हे ग्रॅहम यांच्या चाहत्यांनी मनावर घेतलेले मला तरी आढळलेले नाही.

आता मी सर्वांत धोक्याच्या वळणाशी येतो. नवी भाषा आवडली, की लगेच जुने सारे तिच्यात उतरवून काढण्याची ऊर्मी येते. नेटस्केप कंपनीने १९९८ साली आपल्या ब्राउझरचा गाभा टाकून देऊन तो नव्याने लिहावयास घेतला. आवृत्ती ५ कधी बाहेरच पडली नाही, आणि २००० च्या नोव्हेंबरात आवृत्ती ६ आली तोवर मायक्रोसॉफ्टने बाजार काबीज केलेला होता. तेथे तर भाषाही बदलावयाची नव्हती! केवळ पुनर्लेखनाने ही गत. त्यात भाषांतराची भर पडली म्हणजे काय होईल? ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेने हे साहस यशस्वी करून दाखविले, हे कबूल केले पाहिजे; पण जुनी मूळ व्यवस्था बदलण्यास तिला सुमारे पाच वर्षे आणि १०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक रक्कम लागली. ज्याची तिजोरी तेवढी नाही त्याने काय करावे?

याचे उत्तर अलीकडे एका अनपेक्षित ठिकाणाहून आले आहे. अँड्रॉइड या भ्रमणध्वनीच्या व्यवस्थेचा पाया प्रामुख्याने सी व सी++ या भाषांवर उभा होता. या भाषांत स्मृतीची व्यवस्था प्रोग्रॅमरच्या हाती सोपविलेली असते, आणि त्याच्या हातून जरा प्रमाद झाला की चोराला वाट मिळते. २०१९ साली अँड्रॉइडमधील सुरक्षेच्या दोषांपैकी ७६ टक्के दोष या एकाच जातीचे होते. त्यानंतर गूगलने नवे काम रस्ट या भाषेत करण्यास उत्तेजन दिले. रस्टचा आरंभ २००६ चा, ग्रेडन होर यांच्या हातचा. तिची पहिली पक्की आवृत्ती २०१५ ची. आणि तिचा कंपायलर, म्हणजे आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणारी यंत्रणा, असा कडक, की स्मृतीचा मालक कोण याचा निवाडा झाल्यावाचून तो सहसा आज्ञावली पुढे जाऊ देत नाही. २०२४ साली ७६ टक्क्यांचे प्रमाण २४ टक्क्यांवर आले. आता यातील मौज पाहा : जुन्या सी++ आज्ञावलीचा फार मोठा भाग होता तसाच ठेवलेला होता. मग दोष गेले कोठे? अभ्यासाअंती असे दिसले, की दोष मुख्यतः नव्या लिखाणात असतात. जी आज्ञावली वर्षानुवर्षे वापरात आहे तिच्यातले दोष सापडत जातात आणि दुरुस्त होत जातात. पाच वर्षांच्या जुन्या लिखाणात दोषांची दाटी नव्यापेक्षा ३.४ ते ७.४ पटींनी कमी आढळली. म्हणजे जुने लिखाण भाषा बदलल्यावाचूनच सुरक्षित होत असते, आणि धोका असतो तो आज लिहिल्या जाणाऱ्या ओळीत. सबब नवी भाषा लावावयाची ती त्या ओळीला.

जी नवी भाषा जुन्या व्यवस्थेला पुनर्लेखनाचा उपद्रव देत नाही तिचा स्वीकार किती बिनबोभाट होतो, याचे उदाहरण कोटलिन. १९९५ साली सन कंपनीने आणलेली जावा धंद्यात रुळून पंधरा वर्षे झाल्यावर जेटब्रेन्स या कंपनीने कोटलिन जाहीर केली. नवी सून जुन्याच चुलीवर, जुन्याच भांड्यांत, पण आपल्या हाताने रांधू लागावी, तशी ती जावाच्याच यंत्रणेवर चालते आणि जावाच्या आज्ञावलीशी एकाच घरात नांदते. २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला मान्यता दिली, २०१९ मध्ये पसंतीचा मान दिला. फार आरडाओरडा झाला नाही, कारण कोणाचे दप्तर जाळावे लागले नाही.

तेव्हा संचालक मंडळापुढे अशी तजवीज आली, तर त्यांनी काय विचारावे? व्याकरण विचारू नये. ते त्यांना कळणार नाही, आणि कळले तरी उपयोग नाही. काम नवे आहे की जुन्याचे पुनर्लेखन आहे, हे विचारावे. पुनर्लेखन असल्यास जुन्या आज्ञावलीत दडलेले नियम कोणी लिहून काढले आहेत, ते टिपण मेजावर मागावे. टिपण नसेल, तर अर्ज नामंजूर करण्यापेक्षा आधी ते टिपण करण्याचाच हुकूम द्यावा, कारण ते भाषा बदलली नाही तरी उपयोगी पडेल. धंदा जाणणारी माणसे नव्या भाषेच्या कामात बसणार आहेत, की काम परक्या मक्तेदाराकडे जाणार आहे, हेही विचारावे. आणि मोडले तर रात्री उठणार कोण, हा प्रश्न शेवटी ठेवू नये.

कारण याच प्रश्नावर या विद्येतला एक फार कडवा कलह माजला होता. १९९१ पासून सी भाषेत वाढलेल्या लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात डिसेंबर २०२२ च्या ६.१ या आवृत्तीपासून रस्टला प्रवेश मिळाला. जुन्या व्यवस्थापकांपैकी काहींनी कडाडून विरोध केला. रस्ट वाईट भाषा आहे, असे त्यांचे मुख्य म्हणणे नव्हते. आम्ही आमच्या सी आज्ञावलीत फरक केला आणि तिच्यावर विसंबलेली रस्टची बाजू मोडली, तर ती दुरुस्त करण्याचा भार कोणावर, असे ते विचारीत होते. तो अगदी रास्त प्रश्न होता, आणि तो विचारणाऱ्यांना प्रतिगामी ठरविणे हा अन्याय होता. २०२५ च्या फेब्रुवारीत लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी निवाडा दिला तो असा, की ज्याला रस्टशी संबंध नको असेल त्याने तिच्याकडे पाहूही नये, तिची देखभाल त्याच्या माथी मारली जाणार नाही. परंतु आपल्या आज्ञावलीचा वापर दुसऱ्याने रस्टमधून करू नये, असा मनाई हुकूम काढण्याचा अधिकारही त्याला राहणार नाही.